निर्दोष जनुक

"रादका, हे जनुक वगळलंस तर आपल्या शोधनिबंधात उरतं काय?" प्राध्यापक मिनेव्ह म्हणाले.

जठराच्या कर्करोगाच्या गाठीत बिघडलेली जनुकं ढिगानं सापडतात. त्यातली बहुतेक नुसती गर्दीत असतात. रोग पेटवणारी मोजकीच. जनुकाच्या गुणधर्मांवरून ती मोजकी ओळखायची, यात रादकाची उमेदीची वर्षं गेली होती. आणि जे जनुक तिच्या पद्धतीनं सगळ्यांच्या वर आणलं, तेच आज तिनं खोटं पाडलं होतं. ते अवाढव्य लांब होतं. मोठ्या अंगणात पाचोळा जास्त पडतो, तसे त्यात बिघाड जास्त. शिवाय जठराच्या पेशी ते वापरतही नव्हत्या.

"निबंध तपासणाऱ्यांच्या हे कदाचित लक्षातही येणार नाही," मिनेव्ह हळूच म्हणाले.

"माझ्या वडिलांच्या गाठीत तेच बिघडलेलं आहे, सर. मी त्यांना सांगून बसलेय, गुन्हेगार सापडला म्हणून."

मिनेव्हनी निबंधाची प्रत तिच्या हातात दिली. "काढून टाक," ते म्हणाले.

शनिवारी सोफियाहून बस धरून ती कार्लोवोला पोचली. वडील, स्तामेन, जन्मभर गुलाबतेलाच्या भट्टीवर राबलेले. आता सदरा अंगावर नुसता लोंबत होता. त्यांनी तिच्यासाठी चीज घातलेली गरम बानित्सा आणून ठेवली होती. त्यांना स्वतःला घास उतरत नव्हता.

"या फौजदारीणबाई! कधी लटकवताय चोराला?"

"ताते, मी चुकले. तो चोर नव्हताच."

स्तामेन खुर्चीत टेकले. "नक्की?"

"नक्की. आकारानं मोठा, म्हणून नजरेत भरला."

"आमच्या धिप्पाड पेत्कोसारखं. भट्टीवर काहीही फुटलं की आळ त्याच्यावर." ते हसले, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "मग माझा कोण?"

"माहीत नाही अजून."

"सापडेल?"

"सापडेल, ताते." ती ताटलीकडे बघत म्हणाली.

"फक्त माझ्या हयातीत नाही. हो ना?"

तिनं मान खाली घातली. त्यांनी ताटली तिच्यापुढे सरकवली. "खा. निवतंय."

मग भिंतीचा आधार घेत ते उठले आणि त्यांनी टोपी घातली.

"कुठं निघालास?"

"चौकात. लेकीनं गुन्हेगार पकडला, औषध येतंय, असं सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आता हेही सांगायला नको?"

"मी येते. चूक माझी आहे."

"तुझ्या प्रोफेसरला तू सांगितलं असशीलच. ही माझी माणसं. बस तू."

ती खिडकीशी उभी राहिली. चौकातल्या लिंडेनच्या झाडाखालच्या बाकावर म्हातारे दाटीवाटीनं बसले होते. स्तामेन त्यांच्यासमोर उभे राहिले, हात पाठीशी बांधून काहीतरी बोलले. इथवर ऐकू येत नव्हतं. मग कडेच्या म्हाताऱ्यानं आपली काठी उचलून मांडीवर घेतली आणि तो थोडा सरकला. स्तामेन त्या जागेत बसले.