एका पायाचा बूट

वहिनीच्या दिराने घरच्या बुटांच्या दुकानावर फलक लावला, त्यात बुटापेक्षा त्याचाच फोटो मोठा होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सर्वांसाठी सर्व प्रकारचे बूट, निम्म्या किमतीत!' वर गाडीला भोंगा बांधून तो दिवसभर शहर डोक्यावर घेत फिरला.

माणसं आली, नाही असं नाही. पण हे दुकान मापाने बूट शिवणारं. कागदावर पाय ठेवायचा, वहिनीने कडेने पेन्सिल फिरवायची, मग आठवडाभर थांबायचं. हे कळलं की आलेला माणूस काढता पाय घ्यायचा. एकाने फुटबॉलचे बूट मागितले आणि नाहीत म्हटल्यावर वहिनीलाच चार गोष्टी सुनावल्या.

"पाय कुणाला नसतात, वहिनी? सगळेच आपलं गिऱ्हाईक!" दीर म्हणाला.

"सगळ्यांना हाक मारलीत, भावजी. वळून कोण बघणार?"

"मग महिनाअखेरीला गाळा मोबाइलवाल्याला देऊन मोकळे होऊ."

हे तिच्या जिव्हारी लागलं. नवरा कचेरीत जाणारा, त्याला चामड्याचा वासही खपत नसे. सासऱ्यांनी हे काम हात धरून शिकवलं ते तिला. ते गेल्यावर गाळा दोन्ही मुलांच्या नावावर झाला, तिच्याकडे राहिली ती त्यांची चामडं टोचायची आरी. पण ती मुळूमुळू रडणाऱ्यांतली नव्हती. आपल्याकडे पुन्हा पुन्हा कोण येतं, हे तिने आठवून पाहिलं. आचारी, न्हावी, शाळेतल्या बाई. सगळे दिवसभर उभे राहणारे, सगळे पायांनी बेजार झालेले.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन बसली. पाळी सुटली तशी नर्सांच्या चेहऱ्यांकडे न बघता त्यांचे बूट बघू लागली. मेट्रनबाईंचा उजवा बूट अंगठ्यापाशी फुगून फाटायला आला होता.

"सिस्टर, ड्यूटी संपेपर्यंत उजवा पाय ठणकतो ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बुटाने."

तिथल्याच बाकावर तिने पायाचं माप घेतलं, आणि आठवड्याने बूट नेऊन दिला. एकच, उजवा.

"आणि डावा?" मेट्रनबाईंनी डोळे वटारले.

"आधी हा घालून काम करून बघा. पटला, तर डाव्याचं माप द्यायला दुकानात या."

दिराने कपाळावर हात मारला. "एक बूट? तोही फुकट? डोकं ठिकाणावर आहे ना?"

दिवस जात राहिले, कोणी फिरकलं नाही. महिनाअखेरीला दीर टेप घेऊन आला आणि मोबाइलवाल्याच्या कपाटांसाठी भिंत मोजू लागला. वहिनीने हातातली आरी खाली ठेवली नाही.

तेवढ्यात दारात मेट्रनबाई उभ्या. एका पायात नवा बूट, दुसऱ्यात जुना.

"अख्खा वॉर्ड हसतोय मला! हा काढावा, तर पाय ठणकायला लागतो. डाव्याचं माप घ्या आधी. आणि या माझ्या पोरी, यांच्या दोन्ही पायांचं."

मागे नर्सांची रांग पायरीपर्यंत गेली होती. वहिनीचे डोळे भरून आले. ते तिने कोपराने पुसले आणि कागद पसरला.

"भावजी, टेप आणलीच आहे, तर इकडे बसा. घोटे तुम्ही मोजा."

दिराने एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि मेट्रनबाईंच्या पायाशी गुडघे टेकले.