सांगण्यासारखं काही

"घरात कधी काही वाईट झालंच नाही का?" मॅडमनी विचारलं.

कवळीवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली मान घालून बसली होती. अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांसाठी मुलांचे अर्ज तयार करून देणं हा मॅडमचा व्यवसाय. तिकडे पोचलेल्या मुलांचे हसरे फोटो त्यांनी भिंतीवर ओळीने लावले होते. कवळीवाले दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचे, आणि सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखायची. सवयीने त्यांनी फोटोंतले दात न्याहाळून घेतले. सगळे ज्याचे त्याचेच होते.

"आमचं तसं बरं चाललंय," ते म्हणाले.

"तिथंच तर घोडं पेंड खातंय," मॅडम म्हणाल्या. "मार्कांचं काय, ते सगळ्यांनाच असतात. जगभरातून पोरं अर्ज करतात, सगळ्यांना पूर्ण शिष्यवृत्ती हवी असते. निबंध वाचणाऱ्याला ही मुलगी लक्षात राहायला पाहिजे. काहीतरी सोसलेलं पाहिजे. हिने काय लिहिलंय, तर मला गणित आवडतं. बरं, मग?"

मुलगी हळूच म्हणाली, "मला एक दादा होता. मी चार वर्षांची असताना गेला."

"मग हे आधी नाही का सांगायचं!" मॅडमचा चेहरा उजळला. तो उजळल्याचं त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या जरा चपापल्या. "म्हणजे, वाईटच झालं. पण लिही तू. नुसतं गेला म्हणून चालायचं नाही, बारीकसारीक सगळं यायला हवं."

बारीकसारीक मुलीला काहीच ठाऊक नव्हतं. घरात दादाचं, खारूचं, नावच निघत नसे. तसं कुणी ठरवलं नव्हतं. आईसमोर विषय नको म्हणून बाबा गप्प राहिले, बाबांना त्रास नको म्हणून आई गप्प राहिली, आणि होता होता ते अंगवळणी पडलं. मुलगीही न सांगताच ते शिकली.

"आईला कळू देऊ नकोस," जिना उतरताना कवळीवाले म्हणाले. "उद्या दुपारी लॅबमध्ये ये. सांगतो."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाकीचे जेवायला गेले होते. टेबलावर प्लॅस्टरचे साचे मांडलेले होते, कुणाचा वरचा जबडा, कुणाचा खालचा. कवळीवाल्यांनी डबा उघडला, पुन्हा बंद केला, मग एक साचा हातात घेऊन त्यावरचं मेण उगीचच खरवडत बसले. सुरुवातच सुचेना. इतकी वर्षं जिभेवर न आलेलं एकदम कसं यावं?

"पुढचे दोन दात नवे आले होते त्याला. मोठे मोठे, खारीसारखे. म्हणून खारू." एवढं सांगितल्यावर मात्र त्यांना थांबताच येईना. शाळा सुटली की तो इथे येऊन बसायचा. उरलेल्या मेणाची कासवं करायचा. सगळ्या कासवांना दात. "मी म्हणायचो, अरे, कासवाला दात नसतात. तर म्हणे, मग तुम्ही करून द्या की."

मुलगी हसली. लिहून घ्यायचं ती केव्हाच विसरली होती.

"ताप आला. साधाच वाटला होता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेला. तिथे मला विचारतो, बाबा, रात्री ग्लासात ठेवलेल्या दातांना थंडी वाजते का?" कवळीवाल्यांनी साचा खाली ठेवला. "मी म्हटलं, झोप आता. उत्तर नाही दिलं मी."

त्या दुपारी त्यांचं काम धड झालं नाही. पण दमलेल्या अंगालाही बरं वाटत होतं. निदान पोरीच्या कामी येईल, असं त्यांच्या मनात आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

आठवड्याभरात मुलगी मॅडमकडून परत आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.

"मॅडम म्हणाल्या, असे निबंध खूप येतात. यंदाच तिघांचे भाऊ गेलेले आहेत. वाचणारे कंटाळतात म्हणे."

"बरं."

"तुमच्या कवळ्यांवर लिही म्हणाल्या. ते वेगळं आहे."

"लिही की मग," कवळीवाले म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. घरातली एकुलती एक जपलेली वस्तू दुकानात नेऊन दाखवावी, दुकानदाराने उलटीपालटी करून परत द्यावी, तसं त्यांना झालं होतं. राग कुणावर काढायचा तेही कळेना. मॅडम त्यांचं काम करत होत्या.

निबंध कवळ्यांवर झाला. मॅडमना पसंत पडला. रविवारी सकाळी मुलगी अर्जातली शेवटची माहिती भरायला बसली. कवळीवाले शेजारी बसून विचारेल ते सांगत होते, आई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वडिलांचं शिक्षण झालं. आईचं झालं. भावंडं..." मुलीने घाईघाईने काहीतरी टाइप केलं.

"काय लिहिलंस?" आईने विचारलं.

"शून्य."

आईच्या हातातली चादर तशीच राहिली. "खारू होता ना," ती म्हणाली.

कवळीवाल्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिच्या तोंडून ते नाव ऐकून किती काळ लोटला होता. "अगं, तसं नसतं ते," ते सावरून घ्यायला गेले. "त्यांना आपलं आत्ताचं..."

"भावंडं किती, असंच विचारलंय ना? मला दोन मुलं झाली. एक लिही."

"मॅडम काढायला लावतील, आई."

"मॅडमना काय विचारायचंय त्यात?"

मुलीने शून्य खोडून एक केला. खाली आणखी रकाने उघडले. नात्यापुढे तिने मोठा भाऊ लिहिलं. मग तिची बोटं थांबली.

"वय विचारतायत," ती म्हणाली.

कवळीवाले मनाशी हिशेब करू लागले. आज असता तर नोकरीला लागला असता, कदाचित मिशीसुद्धा ठेवली असती. त्यांना काही तो चेहरा दिसेना.

"नऊ," आई म्हणाली आणि चादरीची घडी पुरी केली.

सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या मोठ्या भावाचं वय नऊ लिहिलं. कॉम्प्युटरने हरकत घेतली नाही. पुढचं पान उघडलं.