शॉवर-सानचा कचरा

"तसं विशेष काही नाही," असं त्सुकादा-सान तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा सियावशच्या लक्षात आलं की काहीतरी विशेष आहे.

आळीचे प्रमुख त्सुकादा-सान दाराशी उभे होते. एका हातात तांदळाच्या गोड वड्यांचा खोका, दुसऱ्या हातात प्लास्टिकमध्ये बंद केलेला मोठा रंगीत तक्ता. हवा कशी गार पडलीय, अंगणातले मुळे यंदा किती पोसलेत, हे सगळं बोलून झालं होतं. समुद्रावरून आलेलं धुकं त्यांच्या चपलांपर्यंत पोचलं होतं.

"हा नगरपालिकेने नवीन काढलाय," त्यांनी तक्ता पुढे केला. "कुठल्या वारी कुठला कचरा. चित्रंच आहेत सगळी. शिवाय चार भाषांत आहे. हे बघा, पोर्तुगीजसुद्धा!"

"माझी फारसी, त्सुकादा-सान."

"हो, हो. पण चित्रं आहेत ना."

सियावशने दोन्ही हातांनी तक्ता घेतला आणि वाकून म्हणाला, "चुकलं माझं. पुन्हा होणार नाही."

"छे छे, चूक कसली! आमचंच सांगायचं राहिलं असेल."

तीस वर्षं तो जपानातल्या या गावात होता. इराणातलं काझविन सोडून आला तेव्हा दोन वर्षं राहायचं ठरवून आला होता. मग फुमिए भेटली, लग्न झालं, आणि मच्छीमारांच्या या गावातल्या सार्वजनिक न्हाणीघरात बंब पेटवायचं काम मिळालं. सियावश हे नाव कुणाच्याच तोंडात बसेना. ते घासत घासत 'शॉवर' झालं, आणि पुढे आदराचं 'सान' लागून 'शॉवर-सान'. न्हाणीघरातल्या माणसाला याहून शोभेल असं नाव कुठलं, म्हणून तोही हसून 'ओ' द्यायला लागला. फुमिएला जाऊन आता दोन हिवाळे झाले होते.

"आणखी एक," त्सुकादा-सान खोक्याच्या दोरीशी चाळा करत म्हणाले. "एप्रिलपासून आळीच्या प्रमुखाचं काम तुमच्या घराकडे यायचंय. पाळीच तशी आहे. पण आता फुमिए-सान नाहीत. तुम्हाला एकट्याला उगाच दगदग. तेव्हा पुढच्या घराला विचारावं की काय, असं सगळ्यांचं जरासं..."

वाक्य तिथेच थांबलं. इथली माणसं वाक्याचा अर्धाच भाग बोलतात, हे कळायला सियावशला दहा वर्षं लागली होती. उरलेला अर्धा ऐकायला शिकायला आणखी दहा.

मागच्या पाळीला प्रमुखाची लाकडी पाटी त्यांच्या फाटकावर लागली होती, फुमिएच्या नावाने. या खेपेला तिच्यावर आपलं नाव येणार, हे त्याने मनात कितीदा तरी रंगवून पाहिलं होतं. अक्षरं कशी बसतील, कुठल्या बाजूने ऊन पडेल, सगळं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पुढच्या घराला द्या."

त्सुकादा-सानांचा चेहरा एकदम मोकळा झाला. चार वेळा वाकून ते गेले. धुक्यात आधी त्यांची टोपी दिसेनाशी झाली, मग पाठ.

सियावशने दार सरकवून तक्ता आत ठेवला. कुठल्या वारी काय टाकायचं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ते त्याला शिकवलं होतं शेजारच्या किनुयो काकूंनी. 'जळणारं' आणि 'न जळणारं' हेच त्याचे या भाषेतले पहिले शब्द. काकू त्याची पिशवी उलटी करायच्या, एकेक वस्तू उचलून तिचं नाव म्हणायच्या आणि त्याच्याकडून म्हणवून घ्यायच्या. झाकण. दोरा. माशाचं डोकं. "लोकांचे नवरे प्रेमाचं बोलतात," फुमिए हसत म्हणायची, "माझा कचऱ्याचं बोलतो."

काकू आता शहाऐंशीच्या होत्या. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी कोपऱ्यावर कचरा झाकायच्या जाळीखाली भलत्याच वारी एक पिशवी दिसायला लागली. गाडीवाले तिच्यावर लाल कागद चिकटवून तिला तशीच टाकून जायचे. मग कावळे यायचे. कुणाची पिशवी, ते कुणालाच कळेना. आणि न विचारताही सगळ्यांची नजर शॉवर-सानच्या घराकडे वळायची.

एका पहाटे बंबासाठी जुनी लाकडं आणायला निघालेल्या सियावशला धुक्यात काकू दिसल्या. सणाला घालतात तसला रेशमी झगा अंगावर. त्यांनी पिशवी अलगद खाली ठेवली, तान्ह्या मुलावर पांघरूण घालावं तशी जाळी चारी बाजूंनी नीट केली आणि जाळीसमोर वाकून नमस्कार केला.

"लवकर उठलास," त्याला पाहून त्या म्हणाल्या. "आज सोमवार, नाही का?"

गुरुवार होता.

"हो काकू," तो म्हणाला.

पिशवीत बाटल्या होत्या, संत्र्याच्या साली होत्या, एक चप्पल होती, आणि झाकणही न उघडलेला जेवणाचा डबा होता. सियावशने ती उचलून घरी आणली, सगळं वेगळं केलं आणि ज्या त्या वारी आपल्या कचऱ्याबरोबर ठेवलं. त्यानंतर हे नेहमीचंच झालं. "माझा कचऱ्याचा वार चुकला की खुशाल मला ओसाकाला घेऊन जा," असं काकू तिथे राहणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत सांगायच्या, कंबरेवर हात ठेवून, हसत. मुलगाही आईचा शब्द न विसरणारा होता. शेजारचं ते घर, ओसरीला वाळत टांगलेल्या फळांच्या केशरी माळा, सकाळी रेडिओवरच्या कवायतीबरोबर वर जाणारे काकूंचे हात, हे सगळं एका पिशवीवर टांगलेलं होतं. पिशवी घरी नेताना त्याला कुणीतरी पाहिलं होतं आणि ती त्याचीच ठरली होती, एवढंच.

हल्ली त्याच्या स्वप्नात काझविनचं अंगण यायचं. हौदाकाठी आई डाळिंबं सोलत बसलेली असायची. पण बोलायची मात्र इथल्या कोळणींच्या बोलीत. "आज कुठला वार रे?" ती विचारायची. त्याला काही केल्या आठवायचं नाही, आणि हौदातून न्हाणीघराची वाफ वर येत राहायची.

त्सुकादा-सान येऊन गेले त्यानंतरच्या रविवारी दार सरकलं आणि काकू आत आल्या. अंगावर एप्रन, हातात कात्री.

"लाज नाही वाटत?" त्या कडाडल्या. "सगळी आळी बोलतेय! किती वर्षं शिकवलं मी तुला? आणि माझं नाव घालवलंस!"

सियावश उंबऱ्याच्या पायरीवर गुडघे टेकून बसला. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेपर्यंत आलंही.

"चुकलं काकू," तो म्हणाला.

"नुसतं चुकलं म्हणून काय होतंय? दुधाचा खोका आण इकडे. रिकामा."

त्याने आणला. काकू पायरीवर टेकल्या. "आधी विसळायचा. मग ही शिवण बघ, इथून कापायचं. मग पूर्ण उलगडायचा. न उलगडता टाकलास तर घेत नाहीत. कळलं?" बोटं झरझर चालली होती, कुठेही अडखळत नव्हती.

मग बोटं थांबली.

काकूंनी मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून, पांढऱ्या झालेल्या दाढीवरून, भिंतीवरच्या फुमिएच्या फोटोवरून त्यांची नजर सावकाश फिरून परत आली. राग कुठच्या कुठे गेला होता. अनोळखी पाहुण्याशी बोलावं तशा त्या हलकेच म्हणाल्या, "आपण... केव्हा आलात जपानात?"

उघड्या दारातून धुकं आत येत होतं. दूर मासळीबाजाराचा भोंगा वाजला.

"मागच्याच आठवड्यात," सियावश म्हणाला.

"मागच्या आठवड्यात!" काकूंनी हात तोंडाशी नेला. डोळे कौतुकाने भरून आले. "आणि एवढं छान बोलता?"

"शिकवणारी चांगली मिळाली."

"नशीबवान आहात हो," त्या म्हणाल्या. मग मांडीवरचा खोका त्यांना दिसला. त्यांनी तो त्याच्या हातात दिला, कात्री त्याच्या बोटांत नीट बसवली. "घाबरू नका. पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघड जातं. इथून."

त्या दाखवत होत्या तिथे सियावशने कात्री लावली. खोका हलू नये म्हणून काकूंनी पलीकडची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.