जिन्यावरचा डबा

अलकापुरीतल्या त्या कचेरीत दीड वाजला की तीन टेबलं जोडली जात. "चालो, जमवा!" अशी टायपिस्ट निरुपमाबेनची जेवायला बोलावणारी गुजराती हाक आली की सगळे डबे मधोमध उघडत. नवा संगणक आल्यापासून कामं वेगळाली झाली होती, पण जेवण मात्र एकत्रच!

फक्त प्रतापसिंह जिन्यावर बसून जेवे.

नोकरीला लागला त्याच आठवड्यात त्याच्या डब्यातला लालभडक रस्सा पाहून हेडक्लार्क सदानंद म्हणाले होते, "तुमचा डबा जरा लांब ठेवता का? आम्ही शाकाहारी आहोत." प्रतापसिंह डबा उचलून थेट जिन्यावर गेला होता.

आज सदानंदांपुढे त्याचा अर्ज होता. त्याला अंकलेश्वरच्या गोदामावर बदली हवी होती. फक्त शेरा मारायचा बाकी होता.

"याचे वडील अर्धांगानं पडलेत ना?" सदानंद पुटपुटले. "त्यांना इथे टाकून जाणार?"

"माणूस रोज एकटा किती दिवस जेवेल, सदानंदभाई?" निरुपमाबेन म्हणाल्या. "त्या दिवशी डब्यात काय होतं, विचारलंत?"

"विचारायचं काय? शिलेदारांचं घराणं. शिवाय तो रंग!"

"सुरण होतं. मी विचारलं."

सदानंद ओशाळले. "मग बोलला का नाही?"

"का बोलावं? सुरण असेल तर टेबल, मटण असेल तर जिना? मीसुद्धा कांदा-लसूण खात नाही. म्हणून तुमच्या भाजीला कधी उठवलं का?"

सदानंदांनी अर्ज बाजूला ठेवला. आपण अन्न पाहिलं, माणूस पाहिलाच नाही! ते डबा घेऊन जिन्याकडे निघाले.

त्यांना पाहताच प्रतापसिंहानं घाईघाईनं डब्यावर झाकण ठेवलं. "साहेब, इथे नका बसू. आज खरंच मटण आहे."

सदानंद क्षणभर थबकले. मग धोतराचा सोगा सावरून पायरीवर बसले.

"असू दे. मी ते खाणार नाही. पण तुझ्याबरोबर जेवायला मला कोणी बंदी केलीय? त्या दिवशी चुकलंच माझं."

प्रतापसिंहानं डब्याचं झाकण पुन्हा काढलं. मग म्हणाला, "आईनं भाकरी जास्त दिलीय. भाकरी चालेल ना?"

"दे की! आमच्या घरच्या पोळ्या रबरासारख्या."

वरून कारकून भास्करराव ओरडले, "अहो, मेजवानी तिकडे, मग आम्ही इथे काय फायली चावायच्या?" आणि डबे घेऊन सगळी मंडळी पायऱ्यांवर उतरली. निरुपमाबेन चार पायऱ्या वर बसल्या; वास त्यांना सोसवेना. पण थेपले त्यांनी वरूनच खाली धाडले.

"साहेब," हात धुताना प्रतापसिंह हळूच म्हणाला, "तो अर्ज परत मिळेल?"

वाचकहो, काय खावं आणि काय खाऊ नये, हा नियम ज्यानं त्यानं आपल्या ताटापुरता जरूर पाळावा. त्या नियमानं शेजारच्या माणसाला मात्र उठवू नये. आपल्या कचेरीत, आपल्या सोसायटीत आज कोण एकटं जेवतंय, एवढं एकदा पाहून यावं.