नऊ मिलिमीटर डावीकडे

चाळीस फटके. लाल चेंडू पॉकेटमध्ये गेला तो दोनदाच. उरलेले अडतीस चुकले, आणि सगळे डावीकडे. मी कॉम्प्युटरच्या पडद्याला पट्टी लावून मोजलं: सरासरी नऊ मिलिमीटर.

"नजर लावू नकोस गं," बाबा म्हणाले. "आधीच खेळ रुसलाय."

बाबांनी चाळीस वर्षं बिलियर्डची टेबलं बसवली. दगडी लाद्या जोडायच्या, पाणसळ ठेवून पाय समतल करायचे, वर बनातीचं हिरवं कापड ताणायचं. आता बोटं आखडली, म्हणून मीच त्यांना कॉम्प्युटरवर एकट्याने खेळायचा हा बिलियर्डचा गेम बसवून दिला होता. पण आखडलेल्या बोटांच्या चुका विखुरलेल्या असतात. या एका रांगेत होत्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. एका बाजूचं दिसेनासं झालं तर त्यांना एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझी नोकरी दुसऱ्या गावी. म्हणजे बाबांना हे घर सोडावं लागणार.

डॉक्टरांनी तासभर तपासलं. "नजर ठणठणीत आहे. राहू द्या त्यांना घरीच."

घरी आल्यावर मी विचारलं, "मग डावीकडे का मारता?"

"टेबल खिडकीकडे उतरतं ना."

"कुठलं टेबल?"

"क्लबातलं. तिसरं."

आई त्या क्लबात फोन घ्यायच्या नोकरीला होती. सोमवारी क्लब बंद असे, तेव्हा सकाळी दोघं तिथे खेळत. तिसऱ्या टेबलाखालची जमीन खचली होती. चेंडू जाता जाता उजवीकडे, खिडकीकडे सरकायचा, म्हणून नेम डावीकडे धरावा लागे.

"पायाखाली पितळेची पट्टी सरकवली असती तर?"

"पाच मिनिटांचं काम. पण तो उतार तिला तोंडपाठ होता. बाकी टेबलांवर हरायची आणि दिवसभर फुरंगटून बसायची. तिसऱ्यावर मात्र मला धूळ चारायची. मला तो उतार हातात बसवायला दोन वर्षं लागली." ते हसले. "मालकाला सांगितलं, जमीनच तशी, इलाज नाही. जन्मात तेवढं एकच टेबल वाकडं ठेवलं."

आईला जाऊन सहा वर्षं झाली. टेबल क्लबाबरोबर मोडीत गेलं.

"बाबा, पडद्यावर उतार नसतो. सरळ मारून बघा."

त्यांनी मारलं. दहापैकी दहा पॉकेटमध्ये. मी टाळ्या वाजवल्या. ते पडद्याकडे बघत राहिले.

"फारच सपाट आहे गं," ते म्हणाले. "कुणी बसवलंय कोण जाणे."

दोन दिवसांनी सोमवार होता. मी बॅग भरत होते, बाहेरच्या खोलीतून गेममधल्या चेंडूंचा आवाज येत होता. गेम प्रत्येक फटक्याची रेघ जपून ठेवतो. बाबा आंघोळीला गेल्यावर मी पट्टी घेऊन पडद्यासमोर बसले.

चाळीस फटके. पॉकेटमध्ये एकही नाही. सरासरी नऊ मिलिमीटर, डावीकडे.