लुगड्याची मऊ जागा

दिवस भरलेली बाई नुसती समोरून चालत आली, तरी आवडाबाई तिच्या चालीवरून सांगायची की आज, उद्या की अजून आठवडा आहे. निदान ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या तीस घरांच्या पाड्यात असं म्हणत, आणि आवडाबाईने ते कधी खोडून काढलं नव्हतं. कशाला काढेल? नवरा पंढरी मिठागरावर राबायचा, ती स्वतःही पाट्या वाहायची, पण पाड्यात तिला मान होता तो सुईणपणाचा. चाळीस वर्षांत तिच्या हातून जी पोरं बाहेर आली, त्यांची पोरं आता तिच्या हातात यायला लागली होती.

खुणा तिला तोंडपाठ होत्या. पोट खाली उतरलं की बाईला श्वास मोकळा येतो, पण घटकेघटकेला आडोशाला पळावं लागतं. मग कंबर धरते. मग एखाद्या सकाळी बाई उगाचच घर झाडायला काढते आणि कोपऱ्यातली जळमटं ओढत बसते. शेजारणीच्या हातातली ती केरसुणी दिसली की आवडाबाई आपली तेलाची कुपी भरून ठेवायची. पुढे चिकट, लालसर डाग, कळा आणि पाणी. बाकी कशाचीही ती थट्टा करू द्यायची, पाण्याची नाही. पाणी गेल्यापासून दोन भरत्यांच्या आत मूल बाहेर आलं पाहिजे, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. चौथी भरती उलटली की आत विष होतं, हेही तिनेच सांगितलं होतं. खाडीकाठची माणसं वेळ भरतीवरच मोजायची. घड्याळ होतं ते स्टेशनात, साहेबाच्या गाडीसाठी.

त्या वर्षी आवडाबाईची एकुलती एक लेक गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला डोंबिवलीला दिली होती. तिकडे भातशेती होती आणि परसात विहीर होती, तिचं कौतुक गोदाने आल्या आल्या चार जणींना सांगितलं होतं. आवडाबाईच्या अंदाजाने अजून पंधरा दिवस होते. वैशाख सरत आला होता आणि वाफ्यांतलं शेवटचं मीठ आभाळ भरायच्या आत ओढून राशीला लावायचं होतं. माणसं कमी पडत होती. म्हणून गोदाही अर्धी पाटी घेऊन बांधावरून ये-जा करायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. गोदा स्वतः जन्मली त्या दिवशी आवडाबाईने दुपारपर्यंत मीठ ओढलं होतं, आणि हे ती अभिमानाने सांगायची.

मिठागरावर दिवसभर मांड्यांपर्यंत खारं पाणी. वैशाखात ते आंघोळीच्या पाण्याइतकं कढत असतं. संध्याकाळी बाया ओलं लुगडं सोडून दोरीवर टाकायच्या आणि सकाळी तेच पुन्हा नेसायच्या, कारण गोडं पाणी कोसभर लांबच्या विहिरीवरून डोक्यावर यायचं आणि ते पिण्याला नि भाताला पुरलं तरी नशीब. लुगडं आठ दिवसांतून एकदा गोड्या पाण्यातून निघायचं. तोवर ते मिठाने पांढरं पडायचं आणि पापडासारखं कडक व्हायचं.

रविवारी सकाळी आवडाबाई दोरीवरचं गोदाचं लुगडं काढत होती. सगळं लुगडं करकरत होतं, पण नेसणीच्या मागच्या बाजूला, दोन वितींच्या जागी, हाताला मऊ लागलं. तिथे मिठाचा कण नव्हता. आवडाबाईने ती जागा बोटांत चोळून पाहिली आणि तिचं डोकं फिरलं.

"लुगडा गोड्या पान्यान धुतलास गो?"

"नाय, आये," गोदा म्हणाली.

"मंग हितला मीठ कयं गेला?"

"मना नाय ठाव."

"डोंबिवलीला परसान हीर मिलाली, तवा आयच्या घरचा पानी दिसंनासा झाला तुला. कोसावरशी डोक्याव आनतंय मी. वर लबाड बोलतंस?"

गोदाचे डोळे भरले, पण आवडाबाईने तिकडे पाहिलं नाही. तिने गोड्या पाण्याचा हंडा उचलून आतल्या खोलीत नेला आणि त्यावर पाटा ठेवला. प्यायला पाणी हवं तर मागून घे, असं लेकीला बजावून ती मिठागराकडे निघाली. गोदा तेच लुगडं नेसून मागोमाग आली. त्या दिवशी ती दर दोन पाट्यांनंतर बांधावर टेकत होती. पोटुशी बाई टेकणारच, असं आवडाबाईला वाटलं.

संध्याकाळी घरी आल्यावर आवडाबाईने रोजच्यासारखं विचारलं. सुईण म्हणून विचारलं, आई म्हणून सकाळचा राग अजून उतरला नव्हता.

"पोटान कल येतं काय?"

"नाय."

"पानी गेला?"

गोदाने आईकडे पाहिलं. पाणी जातं म्हणजे घडा फुटल्यासारखं जातं, न कळायला काय झालं, असं आवडाबाई साऱ्या पहिलटकरणींना सांगायची. गोदाने ते लहानपणापासून ऐकलं होतं. तिच्यापाशी काही फुटलं नव्हतं.

"नाय," ती म्हणाली.

सोमवारी पहाट उजाडताच गोदाने घर झाडायला काढलं. कोनाड्यातल्या पणत्या खाली घेतल्या, चुलीमागची राख खरवडली. आवडाबाई दारात उभी राहून बघत राहिली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. पोटही उतरलेलं दिसत होतं. आपला पंधरा दिवसांचा अंदाज चुकला खरा, पण नातवंड लवकर येत असेल तर येऊ दे. तिने लेकीला मिठागरावर येऊ दिलं नाही, तेलाची कुपी भरली आणि शेजारच्या कमळाबाईला सांगून ठेवलं की उद्या-परवा हाक मारीन.

दुपारी उन्हातून परत येऊन पाहते तर गोदा चुलीपाशी अंग चोरून बसलेली. तिला थंडी वाजत होती. ऊन लागलं असेल, म्हणून आवडाबाईने कांद्याचा रस तळपायांना चोळला. रात्र कशीबशी गेली. मंगळवारी सकाळी अंगाला हात लावला तर चटका बसत होता. कळा सुरू झाल्या होत्या, पण नेटाच्या नव्हत्या. येत आणि मध्येच विरून जात.

कमळाबाई आली. दोघींनी गोदाला भिंतीला टेकवून बसवलं. आवडाबाईने हात तेलाने माखून तपासलं आणि तिचा हात तसाच थांबला. बोटांना मुलाचं डोकं लागत होतं. डोक्यापुढे पाण्याची पिशवी असते, ती कुठेच नव्हती. हात बाहेर काढला तेव्हा त्याला वास होता, आणि तो वास तिने याआधी दोनदाच घेतला होता.

"गोदे, पानी कवा गेला?"

"नाय गेला, आये. खरा सांगतंय."

आवडाबाई सुकी फडकी आणायला म्हणून परसात आली. दोरीवर रविवारचं लुगडं तसंच वाळत होतं. तिने ते हातात घेतलं. ते कडकडीत होतं, आणि मागच्या बाजूला तीच मऊ जागा, परवाच्यापेक्षा मोठी. गोड्या पाण्याचा हंडा रविवारी सकाळपासून आतल्या खोलीत पाट्याखाली होता. तो हंडा तिने स्वतः झाकला होता आणि स्वतः उघडत होती.

खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या पोरीला आपल्या अंगातून झिरपणारं पाणी कसं कळावं? ते कढत, हेही कढत. पोरीला कळलं नाही, यात नवल नव्हतं. पण लुगड्याला कळलं होतं. अंगातल्या पाण्याने जिथलं मीठ धुऊन गेलं होतं ती जागा त्याने दोन सकाळी उघडी करून दाखवली होती, आणि चाळीस वर्षांची सुईण ती बोटांत चोळून पाणी कुणी सांडलं याचा शोध घेत बसली होती. रविवारी सकाळी हाताला लागलेली जागा शनिवारीच भिजलेली होती. आवडाबाईने शनिवार दुपारपासून भरत्या मोजल्या. पाच झाल्या होत्या. सहावी चढायची होती.

तिने लुगडं दोरीवर टाकलं. मग ती आत गेली, कारण आत लेक होती.

"बोट काढ, ठान्याला नेऊ दवाखान्यान," ती पंढरीला म्हणाली. आजवर तिने एकाही बाईला डॉक्टरकडे पाठवलं नव्हतं. पंढरीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खाडीवर गेला. पण खाडी ओसरली होती आणि बोट चिखलात बसली होती. भरती येईपर्यंत थांबणं भाग होतं.

भरतीच्या आधीच मूल आलं. मुलगी होती, मुठीएवढी, पण रडली. आवडाबाईने नाळ कापली आणि पोर कमळाबाईच्या हातात दिली. गोदाने तिच्याकडे पाहिलं की नाही, कुणाला सांगता आलं नसतं.

दुपार कलल्यावर पाणी चढलं, बोट तरंगली. गोदाला गोधडीत गुंडाळून बोटीत ठेवलं. आवडाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चहूकडे खाडीचं पाणी होतं आणि गोदा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलत होती.

"आये, मी गोडा पानी नाय घेतला."

"मना ठाव हाय गो, बाय."

"नाय घेतला, आये."

"नाय घेतलास. मीच चुकलू. आइकतंस काय, गोदे?"

ती ऐकत नव्हती. आवडाबाईने पन्नासदा तरी सांगितलं असेल, तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, आणि दर वेळी गोदा तिला तेच उत्तर देत राहिली. ठाण्याचं बंदर दिसायला लागलं तेव्हा ती बोलायची थांबली. पंढरीने वल्ही वर घेतली. बोट थोडा वेळ तशीच पाण्यावर राहिली आणि मग त्याने ती माघारी वळवली.

बुधवारी सकाळी जावई धाकू डोंबिवलीहून आला. त्याला निरोप मिळाला होता तो बाळंतपण जवळ आल्याचा, म्हणून त्याच्या हातात डिंकाची पुरचुंडी होती. अंगणात माणसं बघून तो दारातच उभा राहिला.

बाळंतपणात गेलेली बाई परत येऊन झपाटते म्हणून अशा बाईला लोक घाईने नेतात. भूत दाणे वेचत बसावं म्हणून वाटेवर टाकायचे राळे एकाने आणूनही ठेवले होते. कमळाबाई मनाने वाईट नव्हती, पण मैत्रिणीचं नाव राहावं म्हणून ती मांडीवरचं तान्हं थोपटत धाकूला म्हणाली, "पोरीनाच सांगतला नाय रे, पानी गेल्याचा. आवडाबाय तरी काय करंल?"

माना हलल्या. असं होतं खरं, पहिलटकरणी लाजतात, सांगत नाहीत. एवढ्यावर सगळं मिटलं असतं, आणि पुढल्या महिन्यात पाड्यातल्या दोघी दिवस भरलेल्या आवडाबाईच्याच दारात आल्या असत्या.

"तिना सांगतला," आवडाबाई म्हणाली. "रविवारी सकाली. तिचा लुगडा माझे हातान व्हता. मीच तिला लबाड बोललू."

धाकू पुरचुंडी हातात धरून उभा होता. आवडाबाई आत गेली, पाटा बाजूला केला आणि गोड्या पाण्याचा हंडा काखेला मारून बाहेर आली. गोदाला अंगणात घेतलं होतं. तिच्या पोटऱ्यांवर, बोटांच्या बेचक्यांत मिठाने पडलेल्या चिरा होत्या आणि त्यांत अजून पांढरं होतं. आवडाबाईने तिथून धुवायला सुरुवात केली. एक हंडा संपला तसा तिने दुसरा मागितला.

दुसरा अर्धा झाला तेव्हा पंढरीने सावकाश तिचा हात धरला. "बस झाला. घरान प्यायला नाय रवला."

"रव दे," आवडाबाई म्हणाली. "यो तिचे वाटचा हाय." आणि तिने हंडा पुन्हा कलता केला.