बिनमिठाची उकड

प्रितेशचं लग्न दोन हजार एकवीसच्या माघातलं. ही गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षीची, आषाढातल्या शेवटच्या मंगळवारची.

प्रितेशची बायको सेल्वी वाढली गोखिवऱ्यात, पण तिचं माहेर मूळचं तिकडे दक्षिणेत, नागरकोइलकडचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात, दिवस गेलेले असताना, तिनं सासूला विचारलं होतं, "आई, या महिन्यात मंगळवारी आमच्या बायका औवै आजीचं व्रत करतात. बाळासाठी. मी करू का?"

कृष्णाबाई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आमच्यात नाय असलं."

श्रावणात, पाचव्या महिन्यात, सेल्वीचं मूल गेलं. सेल्वीनं सासूला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यामुळे कृष्णाबाईला ते तीन शब्द अधिकच छळायचे.

आता सेल्वीला पुन्हा आठवा लागला होता. रक्तदाब वर गेलेला. पलंगावरून उतरायचं नाही, जिवाला घोर लावून घ्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. या खेपेला कृष्णाबाईनंच विषय काढला. "तुझं ते आजीचं व्रत. हात माझे, तू नुसतं पडल्या पडल्या सांग."

औवै आजी म्हणजे तिकडची पूज्य म्हातारी कवयित्री; तिच्या व्रताला नैवेद्य म्हणून कोळुकट्टै लागतात. तांदळाच्या पिठीची उकड काढून वाफवायच्या, आपल्या मोदकांच्या भावकीतल्याच म्हणा. पण नियम कडक. उकडीत मिठाचा कण पडता कामा नये. आजीपुढे ठेवण्याआधी घरात कुणी जिभेला लावायचं नाही. आणि पुरुषमाणसानं खाणं दूरच, बघायचंसुद्धा नाही. गावी बायका हे पुरुष झोपल्यावर करतात. इथे दुपार बरी होती. प्रितेश वालीवला कामावर, आणि कृष्णाबाईचा नवरा बळीराम चष्मा दुरुस्त करायला माणिकपूरला. पाचाच्या आत येणार नव्हता.

तांदूळ भिजवून, फडक्यावर निथळून, दळून, चाळून पिठी तयार होती. पातेल्यात पाणी चढलं.

"तिळाचं तेल टाकलंत?" खोलीतून सेल्वीचा आवाज आला.

"टाकलं."

"उकळी आली की गॅस बारीक. पीठ भुरभुर सोडा, ढवळत राहा."

"अगं, पन्नास वर्षं उकड काढतेय मी."

पिठीनं पाणी ओढून घेतलं, गोळा पातेल्याच्या कडा सोडून मधे आला. झाकण ठेवून तिनं वाफ आणली, गोळा परातीत घेतला आणि थंड पाण्यात हात बुडवून मळायला लागली. उकड लोण्यासारखी मऊ येत होती. पाण्याच्या तांब्याकडे हात नेताना तिला ओट्यावर मिठाची बरणी दिसली.

बरणीचं झाकण उघडं होतं.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, म्हणून ती बरणी कधी उघडी टाकत नसे. सकाळी आमटीत मीठ घातलं होतं, पण तेव्हा झाकण लावलं होतं का? की आता, पाणी ठेवताना, हात सवयीनं गेला? उकडीच्या पाण्यात आधी चिमूटभर मीठ. आयुष्यभर हात तेच करत आला होता.

"आई, मीठ नाही ना पडलं?"

"नाय पडलं," कृष्णाबाई म्हणाली, आणि तिनं बरणीचं झाकण घट्ट लावलं.

चाखावं तर नियम मोडतो. न चाखावं तर कळत नाही. तिनं सुपारीएवढा तुकडा तोडला, मागच्या दारानं गेली आणि शेजारच्या ॲनिशाला हाक मारली.

"हे खा. मीठ हाय का सांग."

"आनि मी खाल्लेलं चालतं?"

"तू आमच्या घरची नाय."

"चाळीस वर्षं तुझं मीठ-मिरची खाते, आता घरची नाय," असं पुटपुटत ॲनिशानं तुकडा तोंडात टाकला. ती चावायची थांबली. "हाय गो. चांगलं बेताचं हाय."

कृष्णाबाई आत जायला वळली.

"तिला सांगू नको," ॲनिशा हळूच म्हणाली. "प्रेशर चढंल पोरीचं. वाफव नि ठेव. कोन चाखतंय?"

बोलणं खोटं नव्हतं. सांगावं तर रक्तदाब, लपवावं तर व्रत. दोन्हीकडे ते बाळच होतं. इतक्यात पुढच्या अंगणात रिक्षा थांबली. चष्म्याचं दुकान बंद, म्हणून बळीराम तीनलाच परत आला होता. कृष्णाबाई धावली आणि त्याच्या तोंडावर दार ओढून घेतलं.

"आत येऊ नका. ॲनिशाकडं बसा."

"अगं, पाऊस हाय. आनि झालंय काय?"

"विचारू नका."

त्याच पावलानं ती सेल्वीच्या खोलीत गेली. पलंगाशी उभी राहून म्हणाली, "मीठ पडलं. मघाशी तुझ्याशी खोटं बोलले. गेल्या वर्षी पन मीच..."

सेल्वी आढ्याकडे बघत राहिली. दोन्ही हात पोटावर. कृष्णाबाई तिच्या छातीचं वरखाली होणं बघत होती, आणि ते थांबेल की काय असं तिला वाटत होतं.

"पीठ किती उरलंय?" सेल्वीनं विचारलं.

"वाटीभर."

"तेवढ्यात सात होतील. पाणी तुम्ही उकळवा, परात इथे आणा. मळते मी. आणि ती बरणी आधी ॲनिशामावशींकडे नेऊन द्या."

कृष्णाबाईनं बरणी दिली, पातेलं-परात घासली, हात दोनदा धुतले. पाणी उकळलं तसं ती मोठ्यानं सांगत गेली, आता तेल, आता पीठ. सेल्वीनं उशीला टेकून परात मांडीशी घेतली आणि उकड मळली. छोट्या छोट्या सात कोळुकट्टै झाल्या. बाहेरून बळीराम ओरडत होता, "च्या तरी द्या कुनी." ॲनिशा म्हणाली, "बसा गुमान, ठेवलाय."

वाफेवरून उतरवून त्या आजीच्या नावानं लावलेल्या दिव्यापुढे ठेवल्या. मग सेल्वीनं एक मोडली आणि अर्धी सासूला दिली. ती अळणी होती.

गणपतीत सेल्वीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

त्या दुपारी आपल्याला घराबाहेर का ठेवलं, हे बळीराम अधूनमधून विचारायचा. कधी रागानं, कधी नातीला मांडीवर घेऊन लाडीगोडीनं. बायकोनं सांगितलं नाही, सुनेनं नाही, ॲनिशानंही नाही. अखेरच्या दुखण्यातही त्यानं एकदा विचारलं. कृष्णाबाईनं त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "बायकांचं काम होतं."

बळीराम चौदा मार्च दोन हजार चोवीस रोजी, गुरुवारी सकाळी वारला.